गुडघ्याचे नऊ महिने

वाचकहो, आज एका गुडघ्याची हकीकत सांगायची आहे. गुडघा आमचा नाही, शेजारच्या वहिनींच्या धाकट्या मुलाचा आहे. पण त्या गुडघ्याची जी दशा झाली तिच्यात आमचाही वाटा आहे, म्हणून सांगताना आम्ही काही लपवणार नाही.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. वस्तीच्या मैदानावर कबड्डीचे सामने चालले होते. पोरगा वीस वर्षांचा, चढाईपटू, अंगाने सडपातळ पण पायात वीज. सामन्याची चार मिनिटे उरली होती. बोनस रेषेला पाय लावून तो मागे वळला, एका पायावर गर्रकन फिरला आणि तिथेच खाली बसला. कुणी धरले नव्हते, कुणी ढकलले नव्हते. समोरच्या संघाचा कोपरारक्षक दोन्ही हात वर करून पंचांना सांगत होता, "मी शिवलोसुद्धा नाही!" पोरगा म्हणाला, आत काहीतरी 'कट्' वाजलं. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला.

रात्री वस्तीतल्या जाणत्यांची बैठक बसली. जाणते म्हणजे आम्हीच चार-पाच जण, ज्यांना प्रत्येक बाबतीत मत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच त्याला रिक्षात घालून मालिशवाल्याकडे नेले. त्याने पाय ओढला, गरम तेलाने रगडला, वर लेप बांधला आणि "शीर चढली होती, उतरवली" असे सांगितले. पोरगा ओरडत होता आणि आम्ही त्याचे खांदे दाबून धरले होते. तीन आठवड्यांत सूज उतरली. पोरगा चालू लागला, जिने चढू लागला. आम्ही चहाच्या टपरीवर सांगत फिरलो की डॉक्टरकडे गेला असता तर कापाकापी झाली असती. जानेवारीत तो पुन्हा मैदानात उतरला. दुसऱ्याच चढाईत गुडघा सटकला. या वेळी आतली गादीही फाटली.

तेव्हा कुठे आमच्या भाचीच्या कानावर गेले. भाची म्हणजे थोरल्या ताईची मुलगी. आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहते. वडील वॉचमन आहेत. मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. साडेचार वर्षांचा तिचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. तिला प्रवेश मिळाला तेव्हा वस्तीत पुष्कळांना वाटले की पोरगी मालिश शिकायला निघाली आहे. आमचाही समज फारसा वेगळा नव्हता. या विद्येचा आपल्या मुंबईशी किती जुना संबंध आहे हे तिनेच आम्हाला सांगितले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. पाय गमावलेल्या त्या लेकरांना उभे करण्याच्या गरजेतून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे ही विद्या चैनीसाठी नव्हे, गरिबांच्या मुलांच्या पायांसाठी इथे आली.

तर भाची धावत आली आणि आमच्यावरच बरसली. "मामा, सुजलेल्या गुडघ्याला गरम तेल? आणि वरून ओढला? आत रक्त साठलं होतं!" आम्ही गप्प बसलो. तिने गुडघ्याला हात लावला नाही. "मी अजून शिकतेय," म्हणाली, "शनिवारी मॅडमकडे आणा."

या मॅडम आठवडाभर इस्पितळात काम करतात आणि शनिवारी संध्याकाळी एका मैदानाशेजारच्या खोलीत खेळाडूंना पाहतात. कबड्डीची पोरे, खो-खोच्या मुली, पोलीसभरतीसाठी पळणारे. भाची तिसऱ्या वर्षापासून दर शनिवारी त्यांच्या मागे उभी राहत आलेली. 'मागे उभी' हे आम्ही शब्दशः सांगतो आहोत. पहिले सहा महिने मॅडमचा दंडक होता: पेशंटला हात लावायचा नाही, पेशंटसमोर बोलायचे नाही, फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे. वहीत तीन रकाने. काय पाहिले, काय वाटले, काय विचारायचे. प्रश्न विचारायचे ते परतीच्या लोकलमध्ये. दोघी एकाच गाडीने जात. पंचवीस मिनिटांचा प्रवास, त्यात होईल तेवढे शिक्षण. भाचीने आम्हाला ती वही दाखवली. पहिल्या पानावरची पहिली ओळ अशी: "मॅडम पेशंट आत येतानाच बघतात. खुर्चीत बसेपर्यंत अर्धी तपासणी झालेली असते." खाली: "चपलेचा तळ बघतात. कुठल्या बाजूने झिजला." आणि त्याखाली: "आधी चांगला गुडघा तपासतात, मग दुखरा. का?" पुढच्या पानावर उत्तर होते: प्रत्येकाचा गुडघा निराळा, म्हणून माप त्याच्याच दुसऱ्या गुडघ्याचे.

त्या शनिवारी आम्ही पोराबरोबर गेलो. मॅडमनी त्याला पालथ्या-उताण्या सतरा प्रश्नांत घातले. पडलास तेव्हा कुठला पाय जमिनीवर होता, तोंड कुठे होते, आवाज आला का, सूज किती वेळात आली. मग गुडघा थोडासा वाकवून एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या. चांगल्या पायाची नडगी थोडी सरकली आणि खटकन थांबली. दुखऱ्या पायाची थांबतच नव्हती. मॅडम भाचीकडे वळून म्हणाल्या, "ये, हात ठेव." त्यांनी आपल्या हातावर तिचा हात ठेवून घेतला, मग स्वतःचा काढून घेतला. भाचीचा चेहरा बदलला. वहीत त्या दिवशी तिने एवढेच लिहिले आहे: "शेवट लागत नाही."

तुटले होते ते गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट. डॉक्टर लोक त्याला एसीएल म्हणतात. जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीची दोरी. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून तिरकी बांधून ठेवते. धावता धावता गर्रकन वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, एकदम थांबणे, यात ती तुटते. बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता. पायात वीज असलेल्यांचाच हा रोग म्हणा ना. आणि त्याच खेळात मुलींना याचा धोका मुलांपेक्षा बराच अधिक असतो, हे ज्यांच्या मुली कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळतात त्या आईबापांनी ध्यानात ठेवावे. ही दोरी तुटली तरी सूज उतरल्यावर माणूस नीट चालतो. आम्ही तिथेच फसलो. सरळ रेषेत चालायला ती फारशी लागतच नाही, वळायला लागते.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागते असे नाही. पण ज्याला कबड्डी खेळायची आहे आणि ज्याची गादीही फाटली आहे त्याला पर्याय कमी. एमआरआय झाला, सार्वजनिक इस्पितळात तारीख मिळाली आणि १ मार्च २०२५ रोजी दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून तिची नवी दोरी केली, हाडांना भोके पाडून त्यांतून ओवली आणि बसवली. ऑपरेशनच्या आधीचे चार-पाच आठवडेही मॅडमनी त्याला सोडले नाही. गुडघा सरळ झाला पाहिजे, मांडीत जोर आला पाहिजे, तसाच आजारी गुडघा ऑपरेशनला न्यायचा नाही. त्याच दिवसांत त्यांनी चांगल्या पायावर लंगडी घेऊन एक लांब उडी मारायला लावली आणि भाचीला टेप धरायला सांगितले. १८६ सेंटीमीटर. "लिहून ठेव," म्हणाल्या, "पुढे लागेल." ही टेप ताईच्या शिलाई मशीनच्या खणातली आहे, म्हणून ताई अजून भाचीला बोलते.

आता खरी परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत आमची भाची नापास झाली.

ऑपरेशननंतर व्यायाम दाखवण्याचे काम मॅडमनी तिच्याकडे दिले होते. गुडघ्याच्या मागे टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचे. पाय सरळ ठेवून उचलायचा. टाच जमिनीवरून घासत मागे न्यायची. दिवसातून तीन-चार वेळा. पोरगा दर शनिवारी "करतो ना ताई" म्हणायचा, भाची वहीत बरोबरची खूण करायची. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी मोजले तर गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि मांडी कापसासारखी. मॅडम पोराला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "व्यायाम कुठं करतोस?"

पोरगा खाली बघू लागला. दहा बाय बाराची खोली, सात माणसे. दिवसा वहिनींचे पापड लाटणे, रात्री अंथरुणाला अंथरूण. पाय लांब करून अर्धा तास पडायला जागाच नव्हती. तो पलंगाच्या कडेला बसून जमेल तेवढे करत होता. आणि वहिनींनी मायेने दुखऱ्या गुडघ्याखाली उशी दिली होती, रात्रभर. आराम वाटतो म्हणून. पण आराम वाटतो तो गुडघा वाकलेला राहतो म्हणूनच, आणि तसाच राहिला तर पुढे सरळ व्हायला रडवतो. उशी द्यायची ती टाचेखाली.

परतीच्या गाडीत मॅडम भाचीला म्हणाल्या, "मी दादरला वाढले, मला ती खोली ठाऊक नाही. तू तर दोन गल्ल्या पलीकडे राहतेस."

भाची घरी येऊन जेवली नाही. आमच्यापाशी रडली. म्हणाली, "मामा, मी पण तशाच खोलीत अभ्यास केला. पण अंगावर पांढरा कोट घातला आणि विचारायचंच विसरले." आम्ही काय समजावणार? आम्ही स्वतः कचेरीत टेबलामागे बसून किती जणांना "अर्ज पूर्ण भरून आणा" असे सांगितले असेल, घरात लिहायला कुणी आहे का, हे न विचारता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीने विहाराच्या किल्ल्या मागून घेतल्या. सहा ते सात सभागृह रिकामे असते. सतरंजी आहे, पंखा आहे, भिंत आहे. दारात तीन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर पुढे पोरगा चढ-उतार शिकला. रबरी पट्ट्यांऐवजी सायकलची जुनी ट्यूब, वजनाऐवजी पाच लिटरचा तेलाचा डबा वाळूने भरून. मॅडम एका रविवारी येऊन पाहून गेल्या. पायरीची उंची त्यांनी मोजली, डब्याचे वजन हाताने जोखले, ट्यूब एका जागी चिरली होती ती बदलायला लावली. छान म्हणाल्या की नाही ते आम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या महिन्यात उलटाच घोर लागला. पोराला बरे वाटू लागले. कुबड्या सुटल्या, सूज गेली, तो रिक्षाच्या मागे पळून दाखवू लागला. मॅडमनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. वडील सेंटरिंगच्या कामावर आहेत. मॅडमनी आधी तेच विचारले, काय काम करता? मग म्हणाल्या, "दादा, स्लॅब टाकला की फळ्या आणि टेकू कधी काढता?" ते म्हणाले, "स्लॅब पाणी पिऊन पक्का झाल्यावर. वरून कडक दिसतो, पण लगेच टेकू काढला तर बसतो." मॅडम म्हणाल्या, "याच्या गुडघ्यात तसंच आहे." बसवलेली दोरी पहिल्या आठवड्यांत निर्जीव असते. शरीर तिला आधी आतून पोखरते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालते आणि नव्याने विणते. साधारण सहाव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ती सर्वांत कच्ची असते, आणि नेमके तेव्हाच माणसाला ठणठणीत वाटते. वडिलांना पुढे काही सांगावे लागले नाही. त्या दिवसापासून पोरगा पळताना दिसला की ते "टेकू!" एवढेच ओरडत. भाचीच्या वहीत त्या तारखेला लिहिले आहे: "आधी विचारायचे, घरातले काय काम करतात."

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या शनिवारच्या खोलीत सगळ्या थरांतली माणसे येतात. आपला दुखरा पाय भाचीच्या हातात देतात आणि डोळे मिटून घेतात. आमच्या आजोबांच्या हातचे पाणी गावात कुणी घेत नव्हते. ही त्यांची पणती.

आता आमच्या दुसऱ्या अपराधाकडे येतो.

सप्टेंबर २०२५. ऑपरेशनला सहा महिने झाले होते. एका मोठ्या आस्थापनेच्या कबड्डी संघासाठी निवड चाचणी असल्याची बातमी आली. निवड झाली तर दरमहा मानधन, पुढे नोकरीची आशा. कबड्डी म्हणजे आपल्या पोरांसाठी नुसता खेळ नाही, हे वाचकांना सांगायला नको. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, पोलीस आहे, रेल्वे आहे, बँका आहेत. २०१४ पासून प्रो कबड्डी आल्यावर टीव्हीवरही आपली पोरे दिसू लागली. वहिनी पापड लाटून लाटून थकल्या आहेत. चाचणीला एकच अट होती: दुखापत झालेल्याने तंदुरुस्तीचे पत्र आणायचे.

पोरगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, ताईला सांगा ना. कॉलेजच्या कागदावर दोन ओळी." आणि वाचकहो, आम्ही गेलो. भाचीला म्हणालो, "लिहून दे. पोरगा पळतो, उड्या मारतो, आणखी काय पाहिजे? तीन महिन्यांसाठी संधी घालवायची?" आम्ही घरात वडीलधारे, तिच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढून दिलेले. ते बोललो नाही, पण तिला ठाऊक होते आणि तिला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होते.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, सही करायचा मला अधिकारच नाही. आणि असता तरी आधी मोजलं असतं."

तिने लपवाछपवी केली नाही. शनिवारी पोराच्या देखत मॅडमना सगळे सांगितले, आमच्या शिष्टाईसकट. आम्हाला वाटले होते, आता भाषण होईल. मॅडम म्हणाल्या, "टेप काढ. आज तू मोज, लिहायचं काम हा करेल." आणि पोराच्या हातात वही दिली.

एका पायावर उभे राहून पुढे एक उडी, त्याच पायावर उतरायचे आणि तोल सांभाळून थांबायचे. चांगला पाय १७२. ऑपरेशनचा पाय १३४. पोराने आकडे लिहिले. आम्ही बीकॉम, तोंडीच हिशेब केला, "अठ्ठ्याहत्तर टक्के." मॅडम म्हणाल्या, नव्वद लागतात. आम्ही लगेच घासाघीस सुरू केली, की अठ्ठ्याहत्तर म्हणजे फर्स्ट क्लास. तेव्हा भाचीने वहीची मागची पाने उलटली आणि फेब्रुवारीतला आकडा दाखवला: १८६. "मामा, सहा महिने खेळ बंद, म्हणून चांगला पायही उतरलाय. त्याच्याशी तुलना केली तर खोटं बरं दिसतं. आधीच्या १८६ शी करा." आधारवर्ष बदलले की निर्देशांक कसा फसवतो हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो, पण ते गुडघ्यालाही लागू पडते हे शिकायला भाचीच्या वहीची गरज होती. १८६ पैकी १३४ म्हणजे बहात्तर टक्के. शिवाय उतरताना गुडघा आत वळत होता, जसा डिसेंबरात वळला असेल. तो मोबाइलवर हळू गतीने चित्रण करून त्यालाच दाखवला. पोराने ते चार वेळा पाहिले.

मग मॅडमनी त्याला एक अभ्यास समजावला. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी असे ऑपरेशन झालेल्या शंभराहून थोड्या अधिक खेळाडूंवर दोन वर्षे नजर ठेवली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवले तितके, दर महिन्यामागे, गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेले. आम्हाला हे लगेच कळले, कारण हा घटत्या बाकीवरचा घसारा आहे. सहाव्या महिन्यात धोका शंभर रुपये धरला तर सातव्यात एकोणपन्नास, आठव्यात चोवीस, नवव्यात बारा. आम्ही हे पोराला वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवले. त्या दिवशी आमचा झाला तो एवढाच उपयोग. नऊ महिने भरले की झाले, असेही नाही. महिने भरले पाहिजेत आणि आकडाही भरला पाहिजे.

पोराने वही मिटली. "म्हणजे मी गेलो तर निवड होईलही," तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "होईल. तू चांगला खेळतोस." त्याला नको म्हणाल्या नाहीत. पत्र मात्र दिले नाही.

घरी आल्यावर वहिनींना सांगायचे काम आमच्यावर आले. आम्हाला वाटले, रडतील. त्या लाटणे खाली ठेवून म्हणाल्या, "भावजी, ह्याला मी नऊ महिने पोटात ठेवला. सातव्यात काढा म्हणून कुणी घाई केली नव्हती."

पोरगा चाचणीला गेला नाही. त्याच्या जागी त्याच्याच मंडळातला एक जण निवडला गेला. तो आता मानधन घेतो, गल्लीतून नव्या बुटांत जातो आणि आमचा पोरगा विहाराच्या पायरीवर एका पायाने चढ-उतार करीत त्याच्याकडे बघतो. आम्ही हे गोड करून सांगणार नाही. ऑक्टोबरात दोन आठवडे तो व्यायामाला आलाच नाही. भाची दोनदा जाऊन आली, तो झोपल्याचे सोंग घेऊन पडून राहिला. मॅडमना सांगितले तर म्हणाल्या, "जाऊ नकोस. रोज सहाला विहार उघडून बस, बाकी काही करू नकोस." ती बसली. स्वतःचे पुस्तक घेऊन, इंटर्नशिपची ड्युटी असतानाही. आठव्या दिवशी पहाटे तो आला आणि काही न बोलता ट्यूब खांबाला अडकवू लागला.

त्याच्यामुळे एक झाले. मंडळाच्या पोरांनी सामन्याआधी अंग गरम करण्याचा कार्यक्रम सुरू केला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने वीस मिनिटांचा जो क्रम बसवला आहे त्याच धर्तीवर: हळू पळणे, एका पायावर तोल, मांड्यांचे व्यायाम, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे. नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती बऱ्याच कमी झाल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. सुरुवातीला पोरे भाचीला हसली. पोरीने शिकवायचे म्हणजे काय! मग वहिनींच्या पोराने पुढे उभे राहून करायला सुरुवात केली. मुलींचा संघ मात्र पहिल्या दिवसापासून न चुकता करतो. आणि वस्तीत आता गुडघा-घोटा दुखावला तर पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही. घट्ट नव्हे पण बेताची पट्टी, पाय उंच, आणि सूज तासाभरात आली असेल किंवा पाय टेकवत नसेल तर थेट इस्पितळ. हे आम्हीच सगळ्यांना सांगत असतो. मालिशवाल्याचे गिऱ्हाईक आम्हीच नेले होते, आम्हीच तोडतो आहोत.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या खोलीत होतो. नऊ महिने पुरे होऊन गेले होते. वहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या, दाराशी उभ्या. या वेळी मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हात बांधून, आणि तोंडातून शब्द नाही. भाचीने पोराला चालवले, चांगला गुडघा आधी तपासला, मग दुसरा. नडगी ओढून पाहिली आणि मान हलवली. आता शेवट लागत होता. टेप अंथरली. तीन-तीन उड्या. चांगला पाय १८३. ऑपरेशनचा १६३. गुडघा आत वळला नाही.

आमचे गणित तयार होते. "एकोणनव्वद! म्हणजे नव्वदच धरा."

भाची म्हणाली, "मामा, ऑफिसात असं धरता का? आणि १८६ शी करा."

केले. सत्त्याऐंशी आणि काही अंश. आम्ही मॅडमकडे पाहिले, मॅडम भाचीकडे बघत होत्या. भाचीने पोराकडे वही सरकवली, पण तो जागेवर नव्हता. तो कोपऱ्यातल्या पिशवीतून सायकलची ट्यूब काढत होता.